फी न घेता परत पाठवणारी बालवाडी

सुरुवातीलाच सांगतो, या बालवाडीचं नाव मी देणार नाही. लिहू का म्हणून बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "लिहा, पण नाव टाकू नका. माझ्याकडे वीसच्या वर मुलं बसत नाहीत आणि लोकांना नाही म्हणायचा मला कंटाळा आलाय." साताऱ्यात पेठांमधून राहणाऱ्यांना खुणेवरून कळेलच. बाकीच्यांना नाव कळून तसाही काय उपयोग? पण आपलं पोर बालवाडीत घालावं की अजून थांबावं, या पेचात जे असतील त्यांच्या कामाचं यात काहीतरी असेल.

माझं टेलरिंगचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. वर्षाची निम्मी कमाई एप्रिलअखेर ते जुलै, शाळेच्या गणवेशांवर. त्यामुळे तीन फुटी गिऱ्हाइकं मी आयुष्यभर बघत आलोय. काही पोरं टेप काढला की हात पसरून उभी राहतात. काही आईच्या पदरात अशी शिरतात की माप घरून आणलेल्या जुन्या फ्रॉकवरूनच घ्यावं लागतं. कुठलं पोर शाळेत रमणार आणि कुठलं महिनाभर रडणार हे आपल्याला माप घेतानाच कळतं, असा माझा समज होता. स्वतःच्या पोरीच्या वेळी तो समज चांगलाच उसवला.

ओवीचा जन्म २२ डिसेंबर २०२१ चा. ही तारीखच सगळ्या घोळाचं मूळ. आपल्या राज्यात नर्सरीला त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला तीन वर्षं पूर्ण लागतात आणि पहिलीला सहा. म्हणजे जून २०२४ मध्ये ओवी कागदावर पात्र होती. प्रत्यक्षात शाळा उघडताना तिचं वय अडीच वर्षांना आठवडाभर कमी. तिच्याच वर्गात बसणारी मोठी पोरं तिच्याहून वर्षभराने मोठी असणार होती. या वयात एका वर्षात फ्रॉकची उंची दोन इंच वाढते. बाकीचं काय काय वाढत असेल ते टेपवर दिसत नाही.

शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे आरटीईचे, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या खाजगी शाळांमधल्या राखीव जागांचे, फॉर्म भरतात. त्याने २५ टक्क्यांच्या प्रवेशाचा वयाचा तक्ता दाखवला. २०२४-२५ साठी जन्म १ जुलै २०२० ते ३१ डिसेंबर २०२१. पुढच्या वर्षासाठी १ जुलै २०२१ ते ३१ डिसेंबर २०२२. ओवी दोन्हीत बसत होती. म्हणजे जुलै ते डिसेंबर या सहा महिन्यांत जन्मलेल्या पोरांना सरकारी तक्ताच दोन वर्षं देतो, यंदा घाला नाहीतर पुढच्या वर्षी घाला. केंद्र सरकारने तर २०२३ मध्ये राज्यांना पुन्हा कळवलं होतं की पहिलीला सहा पूर्ण हवीत, आणि केंद्रीय विद्यालयांत ती ३१ मार्चलाच पूर्ण लागतात. त्या हिशेबाने आमची ओवी २०२८ च्या आधी पहिलीत बसतच नाही.

मग घाई कुणाला होती? खरं सांगायचं तर आम्हालाच. बायको पतसंस्थेत कामाला, दहा ते सहा. आई सांभाळते, पण तिचे गुडघे गेलेत आणि ओवी जिन्यावरून पळते. सकाळचे तीन तास पोरगी कुणाच्या तरी ताब्यात राहील, हा आमचा शाळेचा अर्थ होता. हे मी आज लिहू शकतो. तेव्हा आम्ही "तिच्या विकासासाठी" असं म्हणत होतो.

आधी हायवेकडच्या एका मोठ्या शाळेत गेलो. तिचंही नाव देत नाही. एसी हॉल, भिंतीवर जिराफ, फी वर्षाला ४२,०००. पोर तयार आहे की नाही हे बघायला त्यांची "रेडिनेस असेसमेंट" असते, तिचे ५०० रुपये वेगळे. एक तरुण मॅडम हातात टॅब घेऊन बसल्या आणि चित्रांची कार्डं दाखवू लागल्या. पिवळं कार्ड दाखवून विचारलं, "व्हॉट कलर?" ओवी म्हणाली, "हळद." मॅडमनी टॅबवर काहीतरी दाबलं. चाळीस मिनिटांनी पाच पानी रिपोर्ट हातात आला, सगळा इंग्रजीत. शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरांत "रेडी" आणि त्याच्या बरोबर खाली फीच्या हप्त्यांच्या तारखा. काउंटरवरच्या मुलीला मी सहज विचारलं, "कुणी नॉट रेडी निघतं का हो?" ती नुसती हसली. त्या चाळीस मिनिटांत ओवीने माझं बोट एकदाही सोडलं नव्हतं. ते पाचांपैकी कुठल्याच पानावर नव्हतं.

बाईंची बालवाडी एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर आहे. पुढे सोपा, आत दोन खोल्या, मागे अंगण. अंगणात पेरूचं झाड, विटांचा कठडा घालून केलेला वाळूचा हौद आणि भिंतीला तीन नळ, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर. सोप्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे फोटो. मी फक्त नावं ऐकून होतो. आईने "या कोण?" विचारल्यावर बाईंनी तिला बसवून सांगितलं की या दोघींनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, पुढे कोसबाडच्या टेकडीवर. पोरं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच आदिवासी पाड्यावरच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. आईला हे फार आवडलं. मला तेव्हा प्रवेशाचं पडलं होतं.

मुलाखत नाहीच. बाई म्हणाल्या, "तीन दिवस सकाळी येऊन बसा. तुम्ही कट्ट्यावर, ती तिला हवी तिथे."

पहिल्या दिवशी बाई ओवीशी एक शब्द बोलल्या नाहीत. चार पोरं चमच्याने चिंचोके एका वाटीतून दुसऱ्या वाटीत घालत होती आणि बाई त्यांच्यात मांडी घालून चिंचोकेच निवडत होत्या. ओवी माझ्या मांडीवरून बघत होती. अर्ध्या तासाने बाई वर न बघता म्हणाल्या, "ती वाटी दे गं जरा." ओवीने तोंड माझ्या शर्टात लपवलं. बाईंनी वाटी स्वतः उठून घेतली आणि विषय संपला. दुसऱ्या दिवशी तिने वाटी दिली, पण मागे वळून मी आहे ना हे बघत बघत. तिसऱ्या दिवशी ती वाळूत गेली. चांगली वीसेक मिनिटं खेळली असेल. मग दुकानातून फोन आला, मी बोलायला म्हणून उठून दाराकडे गेलो, आणि ती जी रडायला लागली ती रिक्षात बसेपर्यंत थांबली नाही.

मधल्या वेळात बाईंचे प्रश्न चालू होते, सगळे मला. शू लागली तर आधी सांगते की नंतर? चप्पल स्वतःची स्वतः घालते का, उलटी का होईना? कुणाकडे तासभर एकटी राहिली आहे का? "बाटली ठेव आणि इकडे ये" अशी दोन कामं एकदम सांगितली तर दुसरं लक्षात राहतं का? कुणी हातातलं ओढून घेतलं तर मारते, रडते की सांगायला येते? रात्री किती वाजता झोपते? अ-आ-ई येतं का, पेन्सिल धरते का, आकडे म्हणते का, यातलं एकही नाही. शेवटी मीच म्हणालो, "वीसपर्यंत आकडे येतात तिला." बाई म्हणाल्या, "छान. आणि नाक पुसता येतं का?"

चौथ्या दिवशी मी फीचं पाकीट घेऊनच गेलो. महिन्याला ९०० रुपये, तीन महिन्यांचे आगाऊ. बाईंनी पाकीट उघडलंही नाही. म्हणाल्या, "यंदा नको. शू लागली की ही सांगत नाही, पाय आवळून उभी राहते आणि मग रडते. तुम्ही उठलात की तिचा खेळ संपतो. आणि अकराला डोळे मिटायला लागतात, म्हणजे ऐन गोष्टीच्या वेळेला. सहा-आठ महिन्यांत हे सगळं आपोआप होईल. आत्ता बसवली तर पुढचं वर्ष मला तिची शाळेची भीती काढण्यात घालवावं लागेल." मी म्हणालो, घरी सांभाळायची अडचण आहे. त्या जरा थांबून म्हणाल्या, "मग तुम्हाला पाळणाघर हवंय. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण ते वेगळं मागा."

लागलं, पण बरोबर होतं. रिकामी जागा समोर, रोख पैसे समोर, तरी नको म्हणणारा दुकानदार मी अजून पाहिलेला नाही. मी स्वतःही तसा नाही.

घरी त्या रात्री जेवण शांततेत झालं. बायकोचं म्हणणं, शेजारच्यांचा विहान तिच्याहून महिनाभराचाच मोठा, तो जातोय ना? आईचं म्हणणं अगदी उलट. "आमच्या वेळी हात डोक्यावरून दुसऱ्या कानाला लागला की शाळेत घ्यायचे." तिने लगेच ओवीचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाकडे ओढून दाखवला. तो टाळूच्या जरा पुढे जाऊन थांबला. यावर मी हसलो नाही, कारण यात आमच्या धंद्यातलं शहाणपण आहे. लहान पोराचं डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि हात आखूड असतात. म्हणून तर बारक्या फ्रॉकचा गळा मोठा कापावा लागतो किंवा खांद्यावर बटण द्यावं लागतं, नाहीतर डोकं आत जात नाही. सहाच्या आसपास हे प्रमाण बदलतं आणि हात कानाला पोचतो. जन्मदाखला नव्हता तेव्हा गुरुजींकडे दुसरं साधन काय होतं? माझ्या वडिलांना असंच कान धरून शाळेत घेतलं आणि रजिस्टरला जन्मतारीख १ जून टाकली. त्यांच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचा वाढदिवस १ जूनच आहे.

थांबायचं ठरलं. मधलं वर्ष वाया गेलं असं कुणाला वाटत असेल तर सांगतो. आई तिला रोज दोन तास अंगणवाडीत न्यायला लागली. पैसे लागत नाहीत, तीन ते सहाची पोरं येतात, ओवी जरा लहान होती तरी ताईंनी आजीसोबत बसू दिलं. खिचडी, मटकीची उसळ, महिन्याला वजन. घरी मटकीला हात न लावणारी पोरगी तिथे वाटी चाटायची. उरलेला वेळ दुकानात. कोटाची मोठी बटणं तिच्यापुढे ओतायची, काळी एका डब्यात, तपकिरी दुसऱ्यात. बारकी देत नव्हतो, तोंडात घालायची. बाईंनी सांगितलेली तिन्ही कामं कुणी मुद्दाम शिकवली नाहीत. जानेवारीत एका दुपारी मी काज करत बसलो होतो. ही पायरीवरून ओरडली, "बाबा शू, आत्ताच्या आत्ता!" गिऱ्हाइकासमोर. आणि मार्चमध्ये एकदा मी तिला अंगणवाडीत सोडायला गेलो तर दारातच म्हणाली, "तू जा."

जून २०२५ मध्ये पुन्हा गेलो. बाईंनी ओळखलं. यावेळी तीन दिवस लागले नाहीत, एकाच सकाळी पाकीट घेतलं.

रुळवायची त्यांची पद्धत सांगण्यासारखी आहे. पहिला आठवडा एकच तास, घरचं माणूस कट्ट्यावर. दुसऱ्या आठवड्यात दीड-दोन तास, माणूस फाटकाबाहेर. मग पूर्ण वेळ, साडेनऊ ते बारा. आणि एक नियम कडक. गुपचूप सटकायचं नाही. "मी जाते, बारा वाजता येते" असं पोराच्या तोंडावर सांगून जायचं, रडलं तरी सांगून. आमच्या आईने चौथ्या दिवशी ओवी वाळूत रमलेली बघून हळूच पाय काढला. तिला ती दया वाटली. दुसऱ्या दिवशी ओवी वाळूत गेलीच नाही, पदर धरून बसली, आणि आठवडा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. बाईंनी आईला सगळ्यांसमोर सुनावलं. आई आजही जरा रुसून आहे.

आता माझ्यावर आलेलं. बालवाडीला गणवेश नाही, पण मी हौसेने ओवीला दोन नवे फ्रॉक आणि तीन चड्ड्या शिवल्या. माझी पोरगी, म्हणून फिनिशिंग झकास. फ्रॉकला पाठीत चेन, चड्डीला पट्टी, हूक आणि बाजूला बटण. दुसऱ्याच दिवशी बाईंनी पिशवीतून ओली चड्डी परत दिली आणि विचारलं, "हे कुणी शिवलं?" मी अभिमानाने सांगितलं. म्हणाल्या, "तिला शू कळते, ती वेळेत येते. हूक निघेपर्यंत व्हायचं ते होतं."

मी वीस वर्षं नर्सरीच्या पोरांना हूक-बटणाच्या पँटी शिवतोय. पालक म्हणतात मोठ्या माणसासारखी दिसली पाहिजे, मी शिवतो. त्यातल्या किती जणांनी पाय आवळून हुकाशी झटापट केली असेल आणि घरी जाऊन "अजून शिकला नाही" म्हणून बोलणी खाल्ली असतील, याचा हिशेब मी कधी केला नव्हता. त्या रात्री तिन्ही चड्ड्या उसवल्या, नेफा केला, सैल इलास्टिक ओवलं. फ्रॉकची चेन काढून पुढे दोन मोठी बटणं दिली, काज जरा ढिले. आता दुकानात नर्सरीचं माप आलं की मी आधी इलास्टिकच सुचवतो. काही जण नाक मुरडतात. त्यांना हूक देतो, पण नकली, वर नुसता शिवलेला आणि आत इलास्टिक.

तक्रारी नाहीत असं नाही. बोळ इतका अरुंद की दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीने मागे जायचं. व्हॅन येतच नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मागची खोली गळते, तेव्हा वीस पोरं पुढच्याच खोलीत दाटीवाटीने. व्हॉट्सॲप ग्रुप नाही, फोटो नाहीत, गॅदरिंग नाही. नातीला स्टेजवर कोळीण झालेली बघायचं आईचं स्वप्न राहूनच गेलं. बाईंना ताप आला की सुट्टी, कारण दुसऱ्या ताई एकट्या वीस जणांना आवरू शकत नाहीत. बापांशी बाई जरा जास्तच फटकळ बोलतात, आयांशी त्यामानाने मऊ. आणि इंग्रजीची टोचणी बायकोला आजही आहे. विहान ए टू झेड लिहितो, त्याच्या वहीवर स्टार असतात. ओवीच्या नुसत्या रेघोट्या, त्याही वहीत नाहीत, कारण तिला अजून वहीच नाही, ती माझ्या बिलाच्या जुन्या कागदांवर काढते. बाईंचं उत्तर ठरलेलं: "बोटांत जोर येऊ दे." कणीक मळणं, ओला रुमाल पिळणं, चिमट्याने चिंचोके उचलणं, सगळा जोर तिथे चाललाय.

बाई सगळ्यांनाच थांबा म्हणतात असाही गैरसमज नको. माझ्या मेहुण्याचा मुलगा डिसेंबरचाच, पण घरात मोठी बहीण, तिच्या मागे मागे फिरून तो सगळं शिकलेला. त्याला त्यांनी अडीच वर्षांचा असतानाच घेतला आणि तो पहिल्या दिवशी कुणाकडे न बघता थेट नळावर गेला. उलट आमच्याबरोबर आलेल्या एका मुलाच्या आईला त्यांनी वेगळंच सांगितलं. तो तिसऱ्या वर्षातही एकेकच शब्द बोलत होता आणि मागून हाक मारली तर वळत नव्हता. घरचे म्हणत होते, मुलगे उशिराच बोलतात, वर्षभर थांबू. बाई म्हणाल्या, "प्रवेश नंतर बघू, थांबायचं तर अजिबात नाही. आधी कान तपासा." अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीचं पथक येतं, तिथून पुढे सिव्हिलला मोफत पाठवतात, हेही त्यांनीच सांगितलं. त्या मुलाची आई नंतर दुकानात परकर-पोलक्याचं माप द्यायला आली होती. मुलाच्या कानाला आता मशीन आहे आणि या जूनपासून तो ओवीच्या शेजारी बसतो.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण गळक्या खोलीचा कापला, आईच्या सांगण्यावरून.

जाणार असाल तर मार्चमध्ये जा, बारानंतर, पोरं गेल्यावर. पहिल्या खेपेला पोराला नेऊ नका आणि पाकीट तर नेऊच नका. स्कूटर बोळाच्या तोंडाशी लावा. प्रवेश मिळालाच तर डबा विकत घेताना दुकानातच पोराच्या हातात द्या आणि उघडायला सांगा. आमचा पहिला डबा चार क्लिपांचा होता. तो ओवीला उघडेना, ताईंना उघडेना, शेवटी बाईंनी चमच्याच्या दांडीने उघडला आणि घरी चिठ्ठी पाठवली: "उद्या शिरा चालेल, कुलूप नको."